पोच

रात्री अडीचला परसोडीच्या आयटी पार्कात
कूलर जागा असतो, मी असतो, आणि ती.
तिला चेहरा नाही.
लोकांना दिसतं ते पान वेगळं :
केशरी बटणं, हसरा संत्रा, आजचा कळमन्याचा भाव.
आमची सर्व्हिस त्यामागं, परसदारी,
रांगेच्या तोंडाशी बसलेली.
एक निरोप उचलते, वाचते, सांगितलेलं करते,
पोच देते.
मगच पुढचा.

काटोलची गाडी लागली, चौदाशे क्रेट.
लिलाव सुटला.
हजेरी लागली.
मजुरी टाका.

पोच द्यायच्या आधीच ती कोसळली
तर निरोप परत रांगेत, होता तसा.
म्हणून एकच मजुरी दोनदा पडू नये
याची काळजी मी घेतली होती,
त्या ओळींवर माझं नाव आहे.
एकदा तरी पडते का,
हे कुणी विचारलं नव्हतं.

तीन वेळा प्रयत्न करायचा, चौथ्यांदा नाही.
जो निरोप घशाखाली उतरत नाही
तो बाजूच्या डब्यात.
त्या डब्याचं नाव निशांत डोईफोडेनं ठेवलं, मारबत.
इडापिडा घेऊन जा गे मारबत!
हसलो सगळे.
खऱ्या मारबतीमागं अर्धं नागपूर जातं
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ओरडत, जाळेपर्यंत.
आमच्या डब्यामागं कुणी गेलं नाही.
रांग रिकामी, दिवा हिरवा,
आम्ही तर्री पोह्यांच्या गाडीवर.

काल, होळी होऊन चारच दिवस, कूलरला नवा वाळा लावला
आणि काय वाटलं कोण जाणे, डबा उघडला.
एकशे बारा निरोप.
त्यातले एकोणतीस एकाच बाईचे.
नाव : पंचफुला.
आडनाव :
पुढं काही नाही.
आमच्या तपासणीला आडनाव लागतं.
तीनदा विचारलं असेल, डोळ्याचं पातं लवायच्या आत,
आणि तिचा दिवस उचलून डब्यात.
असे एकोणतीस दिवस. रोज तिनं अंगठा दिलेला.

पोच नसलेला पोरगा, म्हणायची आई,
पाहुण्यांसमोर मी काहीतरी बोलून गेलो की.

सकाळी कळमन्याला गेलो.
क्रेटांच्या आडोशाला बसली होती,
एका हातात जुना लोकरी मोजा,
संत्रा पुसायची, फिरवून बघायची,
मोठा डावीकडे, बारीक उजवीकडे, डागी मागं.
हात थांबले नाहीत.
'आडनाव काय तुमचं?'
'काहून? अंगठा घेतला तवा नाही इचारलं कोनी.
बापाचं ठाऊक नाही, नवऱ्याचं सोडलं.
पंचफुला लिवा. या बाजारात दुसरी नाही.'
मजुरीचं विचारलं तर म्हणाली,
'मुकादम म्हने कंपूटरात अडकली.
कंपूटरात म्हंजे कोनाजवळ?'

मी मागच्या टोपलीकडे बघत राहिलो.
'ते फेकायचे?'
'सांजच्याले उपसते ना पुन्हा.
सगळाच डागी काही सडका नसते, बापा.'

नंबर दिला तिला.
'पैसे आले तं मिस्कॉल मारीन,' म्हणाली,
'बोलायले बॅलन्स नसते.'

रात्री एक ओळ बदलली.
आडनाव नसलं तरी चालेल :
एवढंच लिहायला मला सात मिनिटं लागली,
त्यातली सहा नुसतीच बसून.
मग एकोणतीस निरोप परत रांगेत सोडले.
ती कुरकुरली नाही, इतके दिवस कुठं होते म्हणाली नाही.
पहिला उचलला. पोच.
दुसरा. पोच.
अठराव्याला बँक अडली, पुन्हा गेला, पोच.

डब्यात त्र्याऐंशी उरलेत.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं
आणि वरचा उघडला.
कुणी झनक, वजन उणे चाळीस किलो.

चारच्या सुमाराला फोन एकदाच वाजला.
उचलायचा नव्हता, माहीत होतं.
तरी हात गेला.