अर्धी चौकट

त्बिलिसीत, कोरड्या पुलाच्या कठड्याशी,
शनिवार-रविवार माझी चादर अंथरलेली असते.
तिच्यावर सतरा कॅमेरे, समोवारच्या दोन तोट्या
आणि एक लाइटमीटर, जो फक्त उन्हाळ्यात खरं बोलतो.

गुरांदा आली तेव्हा तिची पर्स खुळखुळत होती.
"खिशात मावणारा हवा," म्हणाली, "रोजच्यासाठी.
फोटो मोठे यावेत, फिल्म कमी लागावी,
आणि शिकायला मला वेळ नाही."
आखूडशिंगी, बहुदुधी.
मी हसलो नाही. गुडघा ठणकत असला की मी हसत नाही.

आधी रुंद फिल्मवाला ठेवला तिच्या हातात.
एका रोळात बारा फोटो,
एकेक असा की मेहुण्याच्या सदऱ्याचे टाके मोजावेत.
तिनं तो पोटाशी धरून आत डोकावलं.
"ही तर इस्त्री आहे," म्हणाली, आणि परत केला.

मग तो चपटा, साबणाच्या वडीएवढा, डबीतल्या फिल्मचा.
"घे. फक्त डबी कुठे मिळाली ते मलाही कळव."

मग नेहमीचा. छत्तीस फोटो, चांगली काच, खोट काही नाही.
खोट नसलेल्या वस्तूकडे गिऱ्हाईक बराच वेळ बघतं
आणि निघून जातं.
ती निघून गेली.

पुढच्या शनिवारी परत आली, तेव्हा
जे पहिल्यांदाच विचारायला हवं होतं ते विचारलं:
"रोज बघतेस काय?"

"लिफ्ट," ती म्हणाली.
"ग्ल्दानीतल्या नऊ इमारतींच्या.
आत पेटी असते, नाणं टाकलं की वर जाते.
मी पेट्या रिकाम्या करते.
दार उघडतं, कुणीतरी उभं असतं,
दार मिटतं."

चादरीच्या कोपऱ्यातून उचलून दिला तो अर्ध्या चौकटीचा.
तिनं डोळ्याला लावला
आणि पुलावरची माणसं तशीच राहू दिली, कितीतरी वेळ.
"हे तर दारच आहे," म्हणाली.

मी खरं ते सांगितलं:
एका फोटोच्या जागेत दोन, छत्तीसचे बहात्तर.
दाणा दिसेल. भिंतीवर लावण्याजोगे नाहीत.
मेजवानीचं लांब टेबल घ्यायचं तर कॅमेरा आडवा धर,
तरीही टोकाला बसलेले काका बाहेर राहतील.

"राहू देत काका," ती म्हणाली.
पंचेचाळीस लारी, सगळे वीस-वीस तेत्रीत.
पगारच तसा मिळतो तिला.
मोजायला शेजारचा चमचेवाला बेझान आला
आणि दोनदा चुकला.

बहात्तर म्हणजे किती, हे विकताना मी बोलत नाही.
ऑक्टोबरात घातलेली फिल्म हिवाळा संपला तरी संपत नाही.
लोकांना धीर निघत नाही, झाकण उघडून बघतात,
आणि पाच महिन्यांवर एकदम ऊन सांडतं.

गुरांदा जूनमध्ये आली, पाकीट घेऊन.
स्टुडिओवाल्यानं एका कागदावर दोन-दोन छापले होते;
कापायचे वेगळे पैसे, म्हणून तसेच आणले.

केक सांभाळणारा मुलगा, शेजारी रिकामी लिफ्ट.
गॅसची टाकी आणि म्हातारी,
शेजारी नुसती म्हातारी, पाठ सरळ.
सातव्या मजल्याला निघालेला एकटा कुत्रा,
शेजारी तिचा स्वतःचा अंगठा, धूसर, फार मोठा.
शेजार आपण निवडत नाही,
हेही विकताना सांगायचं राहिलंच होतं.

शेवटच्या कागदावर डावीकडे मी,
स्टुलावर झोपलेला, तोंड उघडं.
कधी घेतला कोण जाणे.
उजवीकडे मिटलेलं दार, त्यावर खडूनं: बंद आहे.

बेझान माझ्या खांद्यावरून वाकला, बघितलं,
आणि न बोलता कात्री पुढे केली.

"असू दे," मी म्हणालो.
"एवढंच सांग, सुरू कधी झाली?"

"दुसऱ्याच दिवशी. तार सुटली होती.
एक रोळ दे आता.
छत्तीसचा," ती म्हणाली,
म्हणजे बहात्तरचा.