पट्टी

डाव्या दाराची पट्टी माहूल रोडच्या खड्ड्यात राहिली.
बाकीच्या तीन होत्या, पण उन्हानं पिठूळ झालेल्या.
म्हटलं, चारही बदलू.

कुर्ल्याला इश्तियाकभाई म्हणाले,
सेट नाय भेटणार मॅडम,
तीन एका गाडीच्या, चौथी दुसऱ्या.
त्या गाड्यांचं काय झालं, मी विचारलं नाही.

रविवारी खिडकीतून वायर सोडून
हेअर ड्रायरनं गोंद ऊन करत बसले.
खालच्या मजल्यावरच्या वैतींनी गळाचा तंगूस दिला,
म्हणाले, हळू. मासा नाही तो,
हिसका द्यायचा नाही.

पट्टी सुटत गेली तशी
आतून हिरवी रेघ निघाली,
सतरा वर्षं ऊन न पाहिलेली.
आरसी बुकात लिहिलंय हिरवा,
मी आपली राखाडी समजून चालवत होते.

मागच्या दाराला मात्र पट्टीखाली
लांबट पोचा. पुट्टी भरून
वर ब्रशनं फासलेला रंग, घाईघाईत.
दोर्दी म्हणाले होते, एक ओरखडा दाखवा.
त्यांची बायको तेव्हा
कपातली साखर ढवळत होती,
ढवळतच होती.

फोन लावणार होते.
रॉकेलच्या बोळ्यानं जुना गोंद काढता काढता
राहून गेला.

नवी पट्टी अंगठ्यानं दाबत गेले,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
पोच्यावर जरा जास्त वेळ.

वैती म्हणाले, चौथी किंचित वेगळी दिसते.
असू दे.

गाडी पुसणाऱ्या पोराला सांगून आले,
उद्या दुपारपर्यंत
पाणी मारू नकोस.