पाठकोऱ्या

लिस्बनहून दर सोमवारी आकडा येतो.
या सोमवारी आठशे फरश्या, निळे मासे,
कुठल्याशा हॉटेलच्या न्हाणीघरांसाठी.
आकडा माझ्यापर्यंत येतो, माझ्याकडून खाली उतरतो,
उतरताना थोडा जड होतो.
मीच करतो. भीतीपोटी शंभर वाढवून सांगतो.

आवैरोच्या या कारखान्यात
झुल्मिरा एकवीस वर्षं मासे रंगवते आहे.
पूर्वी तिचे दोन मासे एकमेकांना ओळख देत नसत.
एकाला मिशा, एकाचं शेपूट कुणी ओढल्यासारखं,
एक तर चक्क जांभई देणारा;
गिऱ्हाईक हसायचं आणि तोच मागायचं.
तेव्हाचे मुकादम आदेलिनु
फसलेल्या फरश्यांसाठी खिडकीत एक फळी राखून असत.
म्हणत, असू दे, बघू हिचं पुढे काय होतं.

मी फळी काढली. तिथे घड्याळ लावलं.
ओरडलो कधीच नाही.
नुसता मागे उभा राहायचो, हात पाठीशी बांधून.
वर्षभरात मासे सरळ पोहू लागले.
सगळे डावीकडे. सगळ्यांचा डोळा सताड उघडा.
अहवालात मी लिहिलं, सुधारणा.

गुरुवारी एक खोकं निसटलं, माझ्याच हातून.
फरश्या पालथ्या पडल्या
आणि मागच्या, सिमेंट लागायच्या,
भिंतीत कायमच्या गाडल्या जायच्या खरबरीत बाजूवर
पेन्सिलीने काढलेला
छत्री घेतलेला मासा.
घड्याळ गिळलेला मासा.
हात पाठीशी बांधून उभा एक मासा,
पोट थेट माझं.

गुडघ्यांवर बसून एकेक उलटत गेलो.
कितीतरी महिन्यांनी कारखान्यात कुणीतरी मोठ्याने हसलं.
दचकून पाहिलं तर मीच.

रात्रभर एक वाक्य घोळवलं.
सकाळी तिच्याजवळ जाऊन म्हणालो,
"झुल्मिरा, मागचे मासे पाहिले मी."
पुढचं, खरं सांगायचं होतं ते,
ओठांवर येईतो तिचा कुंचला थांबला होता.
कान लाल.
"पुन्हा नाही होणार," ती म्हणाली,
"जेवणाच्या सुट्टीतच काढायचे."
नाही, तसं नाही, म्हणालो मी,
पण माझ्याकडे आवाज एकच आहे.

आज नवं खोकं मुद्दाम उलटं उघडलं.
दिवे लागेपर्यंत एकेक पाहिली.
पाठकोऱ्या. सगळ्या.
कागद समोर आहे,
'दोष' या रकान्यात काय लिहावं
सुचत नाहीये.