पाठमोरा

एकोणीस वर्षं मी मैदानाकडे पाठ करून उभा.
पिवळं जाकीट, हात मागे, नजर गर्दीवर.
डंडीच्या त्या जुन्या मैदानावरचे सगळे गोल
मी माणसांच्या तोंडांवर पाहिले.
आधी भुवया चढतात,
मग जबडे सुटतात,
आणि आवाज कानांच्या आधी तळपायांना कळतो.
चेंडू नेमका कसा आत गेला
ते रात्री घरी मुलाला विचारायचं.

जानेवारीत सार्जंट ड्रमंडनी टेबलावर जर्सी टाकली.
हिरवी. पाहुण्यांची.
किमतीची चिठ्ठीही काढलेली नव्हती.
"एफ स्टँड, बाविसावी रांग.
आपल्या टारगटांच्या ऐन मधोमध बसायचं,
टाळ्या पिटायच्या, कोण अंगावर येतो बघायचं."
वाघासाठी बोकड बांधतात तसं.
मचाणावर तिघे, एक माझ्या कानात.
बोकडाला पगारी रजा द्या म्हटलं,
कोणी हसलं नाही.

सोंग पुरं होतं, बूट तेवढे माझे, सरकारी.
शेजारी गुडघ्यांवर शाल घेतलेली म्हातारी, इझोबेल.
तिनं एकदा जर्सीकडे पाहिलं, एकदा बुटांकडे,
आणि पेपरमिंटचा पुडा पुढे केला.

मागून शिव्या सुरू झाल्या.
माझी आई, माझं गाव,
माझ्या गावच्या मेंढ्या.
डूगल रेनीचा आवाज मी झोपेतही ओळखला असता;
तीनदा धरलाय त्याला, या हातांनी.
कानात ड्रमंड: शांत राहा. त्याला येऊ दे.

मी शांत होतो.
माझ्यासमोर मैदान होतं.

कोणी सांगितलं नव्हतं मला
की ते इतकं हिरवं असतं दिव्यांखाली,
की चेंडू लांबून येताना क्षणभर थांबतो हवेत,
विसरल्यासारखा.
की पाहुण्यांचा अकरा नंबर, काटकुळा, मोजे घसरलेले,
कुंपणाच्या कडेकडेनं पळतो
जसं घरी कोणी आजारी आहे.
एकाला चुकवलं. दुसरा आपणच पडला.
कानात कोणीतरी काहीतरी म्हणत होतं.
तिसऱ्याच्या पायांमधून—

मी उभा होतो.
दोन्ही हात वर, तोंड उघडं,
भुवया कुठे होत्या देव जाणे.
सबंध स्टँडमध्ये एकटा मी उभा.

तेव्हा तो रस्सा आला.
बीफचा, कढत, पेल्यासकट,
मानेवरून थेट पाठीच्या पन्हाळीत.

"कोण? कोणी टाकला? इनिस, पाहिलंस का?"
मान वळवायची होती, एवढंच काम होतं.
मी बघत होतो तो अकरा नंबर
कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गुडघ्यांवर बसलेला,
आणि त्याच्यावर एकेक करून कोसळणारे बाकीचे.

इझोबेलनं शालीच्या टोकानं मान पुसली.
"बस आता, बाळा," ती म्हणाली,
"तुमच्या पोरानं छान मारला.
आणि पुढच्या वेळी बूट बदल."

अहवालात रकाना असतो:
आरोपी दिसला नाही, कारण.
मी लिहिलं, डोळ्यांवर ऊन होतं.
डंडीत. जानेवारीत. संध्याकाळी पावणेपाचला.
ड्रमंडनी कागद दोनदा वाचला,
खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं,
आणि सही केली.

पुढच्या शनिवारी पुन्हा पिवळं जाकीट,
पुन्हा पाठ मैदानाकडे.
एफ स्टँडमध्ये रेनीनं मला ओळखलं.
त्यानं हातातला पेला उंचावला, जरासा,
आणि एक घोट घेतला.

मग त्याच्या भुवया चढायला लागल्या.
त्याची बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकत होती,
कुंपणाच्या कडेकडेनं.
कोण पळतंय?
मोजे वर आहेत का घसरलेत?
मी हात मागे घट्ट बांधले
आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो
आवाज येईपर्यंत.