एकोणसाठ

केंटच्या त्या उतारावर डिटेक्टर किणकिणला
तसा हॉगबेन गुडघ्यांवर बसला.
आधी शिवी, मग खुरपं.

चिकणमातीतून बटण निघालं.
थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं:
पाच की सहा, पुढे नऊ.
मागची कडी शाबूत, दोरा केव्हाच गेलेला.

घरी एव्हरिलनं भिंग धरलं.
"पाचच. पोट बघ त्याचं."

हे एकतिसावं.
एका शेतात इतक्या पलटणी?
लढाई तर इथं कधी झालीच नाही.

शेतमालक हसला होता:
फौजेचे जुने डगले चिंध्यांच्या भावानं यायचे,
आजोबा ते फाडून हॉप्सच्या मुळाशी पुरायचे.
लोकर सावकाश कुजते. खत चांगलं.

म्हणजे इथं कुणी पडलं नव्हतं.
कुणीतरी घरी पोचून डगला काढला, विकला,
पावाचे पैसे केले.

किंवा दुसऱ्याच कुणी काढला
त्याच्या अंगावरून.

बटण काही बोलत नाही.
एव्हरिल डबीत कापूस घालते,
चिठ्ठीवर लिहिते: ५९, वरचा उतार, ओली माती.
मग तिला दिसतं,
हॉगबेनच्या कोटाचं खालचं बटण
महिनाभर एका धाग्यावर लोंबतंय.

"काढ तो," ती म्हणते,
आणि सुई शोधते.