इतर हक्क

वेंगुर्ल्यात, दुय्यम निबंधकाच्या पायरीवर,
तिरोडकर वकील सातबारा उन्हात धरतात,
नोट खरी की खोटी बघावी तसा.

बोजा नाही. वारस सात, सह्या सहा;
सातवी कुवेतहून येईल, मुखत्यारपत्राने.
विहिरीत चार आणे हिस्सा.
वाट? वहिवाटीची. कागदावर नाही.

इतर हक्कांत एक ओळ:
फणस एक, आवडाबाई रेडकर.

चपलेनं वाळू उकरत बस्त्याव म्हणाला,
"झाड वादळात पडला.
म्हातारी त्याच्या आदीच गेली."

"मग नाव कमी करून घ्या.
तलाठ्याकडे अर्ज, वारसांचे जबाब."

मी इसार दिला.

संध्याकाळी परसात गेलो.
खड्डा होता, आणि खड्ड्यात
गुडघ्याएवढं फणसाचं रोप,
भोवती करवंदीच्या काट्या.
माती ओली.
विहिरीपासून इथवर, वाटेवर,
सांडलेलं पाणी.