फक्त वाचण्याची परवानगी

पलीकडे महापेच्या बाजूला
बिनखिडक्यांच्या इमारती रात्रभर घुमतात
साऱ्या जगाचं काहीबाही सांभाळत.
आमचं ऐरोलीत, सेक्टर आठ,
चपलांच्या कपाटावर:
राऊटरशेजारी वहिनीचा जुना लॅपटॉप,
बिजागरी तुटलेला,
शेपटीला दोन टेराबाइटची डिस्क.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांची नावं घातली,
पासवर्ड वाटले.
अण्णांच्या हातून काही पुसलं जाऊ नये
म्हणून त्यांना ठेवली
फक्त वाचण्याची परवानगी.

जेवताना, ताटावरून मान वर न करता, म्हणाले,
"घराचा हप्ता वीस वर्षं भरला मी.
आणि मी नुसतं वाचायचं?"

वहिनी आमटी वाढता वाढता थांबली.
मी उठलो, उजवा हात खरकटाच,
डाव्यानं
'लिहिणे'समोरच्या चौकोनात खूण केली.

सकाळी पाहतो तर
'नवीन फोल्डर', त्यात 'नवीन फोल्डर २',
त्याच्याही आत
सिडकोचं अलॉटमेंट लेटर,
तिरकं, अर्धं मोबाइलच्या सावलीत,
आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा,
कागद उडू नये म्हणून
दाबून धरलेला.

पंखा बंद करायचं सुचलं नसावं.